देवाशी गप्पांची विनोदी विज्ञानकथा लिहायचीय? मग आधी देवाचा पत्ता ठरवा

बऱ्याच जणांना वाटतं की देव आणि माणूस यांच्या गप्पा लिहिणं म्हणजे एकदम सोपं काम, एक रिक्षावाला घ्यायचा, मागच्या सीटवर देव बसवायचा, देव म्हणणार मी देव आहे, रिक्षावाला म्हणणार असाल हो पण मीटरवर परवडत नाही, झालं, पब्लिक हसलं. मी पण असंच समजत होतो आणि अशा चार कथा लिहिल्या. चारही परत आल्या. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी तर फोन करून सांगितलं, अहो तुमच्या कथेत देवाच्या जागी नगरसेवक टाकला तरी काय फरक पडतोय? दोन दिवस डोकं फिरलं होतं माझं. मग तिसऱ्या दिवशी फाईल उघडली आणि खरंच देव खोडून नगरसेवक लिहून बघितलं. काहीच फरक पडला नाही, उलट दोन जोक जास्त चांगले लागले.

तेव्हापासून माझी पहिली टेस्ट हीच. कथेतला देव काढा, तिथे नगरसेवक टाका किंवा मोठे साडू टाका, कथा तशीच चालू राहिली तर समजा की तुम्ही साडूंची कथा लिहिलीये, तीही लिहावी, पण मग तिला विज्ञानकथा म्हणून पाठवू नका.

आता साडूकडे नाही असं देवाकडे काय आहे? त्याला सगळं माहीत असतं, तो सगळीकडे असतो, आणि तो काहीही करू शकतो. आणि गोची पण इथेच आहे, कारण ज्याला सगळं माहीत आहे, जो इथेच आहे आणि मनात आणलं तर चुटकीसरशी काम करतो त्याच्याशी बोलायचं काय? तुम्ही तोंड उघडायच्या आत काम झालेलं. कथा संपली, दीड ओळीत. म्हणून तीनपैकी एक गोष्ट देवाकडून काढून घ्यायची, आणि ती काढून घ्यायचं काम विज्ञानाने करायचं, लेखकाच्या मर्जीने नाही. मी स्वतः 'सगळीकडे असतो' हे काढून घेतो. माझा देव कुठेतरी एका ठिकाणी असतो, आणि ते ठिकाण लांब असतं.

पत्ता ठरवा म्हणतोय ते यासाठी. आणि पत्त्याचा प्रश्न मी उगाच काढत नाहीये, अमेरिकेत नेब्रास्का राज्याचे सिनेटर एर्नी चेंबर्स यांनी २००७ साली खरोखर देवावर केस टाकली होती, भूकंप पूर वादळं आणून लोकांना घाबरवतो म्हणून. २००८ ला कोर्टाने ती काढून टाकली, कारण काय तर देवाचा पत्ता नाही, मग समन्स बजावणार कुणावर. त्यावर चेंबर्सचं म्हणणं होतं की कोर्ट देव मानतं ना, मग तो सर्वज्ञ आहे हेही मानलं पाहिजे, म्हणजे नोटीस त्याला मिळाल्यातच जमा आहे. हे वाचून मी तीन वेळा टेबल बडवलं, कारण विनोदी विज्ञानकथेला लागतं ते सगळं इथे फुकट मिळतंय, एक नियम आहे, एक देव आहे आणि नियमाच्या फटीत बोट घालणारा एक माणूस आहे.

आपल्याकडे तर पत्त्याची पण अडचण नाही, केरळात शबरीमलाला स्वतःचा पिनकोड आहे, ६८९७१३, यात्रेच्या सीझनपुरतं तिथलं पोस्ट उघडतं आणि लोक अय्यप्पाच्या नावाने लग्नपत्रिका आणि मनीऑर्डरी धाडतात. आणि देवता ही कायद्याने व्यक्ती असते हे तर प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, १९२५ सालीच मान्य केलं, फक्त कोर्टात तिला अल्पवयीन मुलासारखं धरतात, तिच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी उभं राहायचं. म्हणजे विश्वाचा कर्ता सही करायला पालकांना घेऊन येणार. यावर मी कथा सुरू केली होती पण एका वकील मित्राने वाचून इतक्या दुरुस्त्या सुचवल्या की ती अजून पेंडिंग आहे.

बरं, पत्ता. प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो आणि त्याच्या पुढे काही जात नाही, रेडिओची लहर नाही, मोबाईलचा मेसेज नाही. आपल्या कथेत प्रार्थना पण नाही. हे एक वाक्य वहीत पहिल्या पानावर लिहा. आता देवाला चंद्रावर ठेवलात तर निरोप सव्वा सेकंदात पोचतो, मग गप्पा कशा होतील तर परदेशातल्या भावाशी व्हिडिओ कॉलवर होतात तशा, दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, मग दोघं एकदम 'बोल बोल' म्हणतात. चांगला विनोद आहे, पण दोन पानांत संपतो. शनीवर ठेवलात तर एका बाजूने साधारण सव्वा तास, म्हणजे 'देवा गाडीची किल्ली कुठे ठेवली मी' याचं उत्तर यायच्या आत माणूस बसने ऑफिसला पोचून लेटमार्क खाऊन बसलेला. इथे थोडं दुःख पण मिसळायला लागतं, ते चांगलं.

त्याहून लांबचं उदाहरण हवं असेल तर व्हॉयेजर १ बघा, १९७७ साली पाठवलेलं यान, आता इतकं लांब गेलंय की त्याला निरोप पोचायला जवळजवळ एक दिवस लागतो. २०२३ च्या नोव्हेंबरात ते अचानक बरळायला लागलं, आत मेमरीची एक चिप गेली होती. नासाच्या लोकांनी काय केलं तर इथून एक सूचना पाठवायची, मग जवळजवळ दोन दिवस उत्तराची वाट बघायची, मग दुसरी पाठवायची, असं करत करत २०२४ च्या एप्रिलात त्याची दातखीळ सुटली. मला ते वाचताना आमची आत्या आठवली, ती पण एका संकष्टीला सांगून ठेवते आणि पुढच्या संकष्टीपर्यंत बघते काय होतंय ते, नाही झालं तर शब्द बदलून परत सांगते.

मी मात्र देवाला अभिजित ताऱ्याजवळ ठेवला. एक तर हे २७ नक्षत्रांच्या यादीतून बाहेर राहिलेलं अठ्ठाविसावं नक्षत्र, म्हणजे तिथे कुणी शोधायला जाणार नाही. आणि दुसरं म्हणजे अंतर एकदम सोयीचं, २५ प्रकाशवर्षं, म्हणजे प्रकाशालाही पोचायला २५ वर्षं लागतात. जायला २५, यायला २५, पोराने मागितलेलं नातवाच्या हातात पडणार. आता १९७२ चा दुष्काळ घ्या. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या एका बाईने देवाला सांगितलं की बाबा पाऊस पाड. निरोप पोचला १९९७ ला. उत्तर आलं २०२२ ला, जेव्हा इकडे पावसाने आधीच शेतं बुडवलेली. बघा, नियम एकच लावला आणि कथा आपोआप उभी राहिली, मला काही सुचावं लागलं नाही. फक्त हे गणित खरंच वहीत मांडून ठेवा, कारण पहिल्या खर्ड्यात मी जायचे २५ धरलेच नव्हते आणि माझ्या देवाने प्रार्थना पोचायच्या आधीच पाऊस रवाना केला होता.

आता तुम्ही म्हणाल ५० वर्षांनी उत्तर येणार तर गप्पा कशा होणार, त्याला गप्पा म्हणत नाहीत त्याला सरकारी पत्रव्यवहार म्हणतात. इथे दुसरा गुण कामाला येतो. देव लांब आहे, पण सर्वज्ञ आहे. तुम्ही २०२२ मध्ये काय बोलाल हे त्याला १९९७ मध्येच माहीत आहे, मग तो उत्तर पाठवताना मध्ये मध्ये गॅप सोडून पाठवतो आणि तुम्ही त्या गॅपमध्ये बरोबर बोलता. म्हणजे तो रेकॉर्डिंगसारखा, पण ऐकून घेणारा. 'सर्वज्ञ पण लांब' हे तीन शब्द मला सापडायला दीड वर्ष लागलं, तुम्हाला आयते देतोय.

पण थांबा, यात एक भोक आहे आणि ते तुमच्या आधी वाचकाला दिसतं. माझ्या बाबतीत एका फिजिक्सच्या सरांनी दाखवलं. ते म्हणाले, सर्वज्ञ आहे ना तुझा देव, मग १९७२ ला पाऊस हवा होता हे त्याला १९४७ लाच ठाऊक असणार, तेव्हाच का नाही धाडला? मी आठवडाभर गप्प. मग नियमात एक पोटनियम घातला, माहिती असायला हरकत नाही पण अर्ज हातात पडल्याशिवाय काम करता येत नाही. आपल्या वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही, तो तहसीलला जाऊन आलेला असतो. मात्र उत्तरात चार शब्द जास्तीचे लिहायला बंदी नाही, त्या चार शब्दांत आपल्या गप्पा.

जागा कुठली घ्यायची? मी म्हणतो जिथे खरं यंत्र आहे तिथेच जा. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला ती मोठी रेडिओ दुर्बीण आहे, ३० डिश, एकेक ४५ मीटर व्यासाची, आणि शेतीच्या पट्ट्यात उभ्या. एकीकडे आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा १४२० मेगाहर्ट्‌झवरचा आवाज ऐकतात आणि खाली टोमॅटोला फवारणी चाललेली असते. हे सोडून तुम्ही कथा न्यूयॉर्कला का नेता मला खरंच कळत नाही. शिवाय ही दुर्बीण फक्त ऐकते, बोलत नाही, म्हणजे आपल्या कथेला हवं तेच, मागणं माणसं आपापल्या घरून पाठवतातच, अडलंय ते उत्तर ऐकण्यावाचून.

आता माणूस. साधा माणूस म्हणजे अडाणी माणूस नव्हे, ही चूक शहरातले लोक फार करतात. साधा म्हणजे ज्याला आज एक काम आहे आणि देव त्या कामाच्या मध्ये आलाय. आणि त्याने दचकायचं नाही. इंग्रजी पद्धतीच्या गोष्टींत देव बोलला की माणूस गुडघ्यावर पडतो, आपल्याकडे देवाशी भांडायची ७०० वर्षांची सवय आहे. जनाबाई त्याला सरळ विठ्या म्हणून शिव्या घालते, लहानगा नामदेव नैवेद्य खाल्लाच पाहिजेस म्हणून अडून बसतो, तुकोबा तर हिशोबच मागतात. कोकणात गाऱ्हाणं ऐकलंय का कधी, 'बा देवा म्हाराजा' करून मानकरी सुरू करतो, मागण्या एकामागून एक, कोर्टाच्या भाषेत असतात तशा कुठूनच पळवाट न ठेवणाऱ्या, आणि दर मागणीला सगळा गाव 'व्हय म्हाराजा' म्हणून शिक्का मारतो. ही भाषा हाताशी असताना 'हे परमेश्वरा, तू मला दर्शन दिलेस' असलं काहीतरी कशाला लिहायचं?

अरे-तुरेचं पण बघा जरा. विठोबाला तू, बाप्पाला तू, देवीला आई आणि तू, पण गजानन महाराज किंवा स्वामी समर्थ म्हटलं की तुम्ही. हे चुकलं की वाचक लगेच बाहेर पडतो, त्याला कारण सांगता येत नाही पण काहीतरी खटकतं. आणि बरोबर वापरलं की त्यातूनच विनोद निघतो. माझ्या एका कथेत रोज अरे-तुरे करणारी म्हातारी एके दिवशी विठोबाला 'आपण' म्हणते आणि देव घाबरतो, म्हणतो काय झालं, काही चुकलं का माझं.

मागणं छोटं ठेवा. जागतिक शांतता मागणारा माणूस विनोदी होत नाही, भाषण करायला लागतो. सासूने दागिना कुठे पुरून ठेवला, डीपी कधी दुरुस्त होणार, मुलीला बघायला आलेले लोक हो म्हणणार की नाही. मागणं जितकं लहान आणि यंत्रणा जितकी अफाट तितकी मजा, २५ प्रकाशवर्षांवरून आलेला आवाज आणि विषय काय तर डोरलं.

हा घ्या माझ्या कथेतला एक तुकडा, म्हणजे वरचं सगळं कागदावर कसं दिसतं ते कळेल. मंदाकाकूंची खाणावळ आहे, दुर्बिणीवर डेटा बघणारा निलेश त्यांच्याकडे जेवायला असतो, त्याला एका सिग्नलचा अर्थ लागेना म्हणून त्याने त्याचा आवाज बनवून मोबाईलवर घेतलाय. गॅसवर दूध ठेवलेलं आहे. ते लक्षात ठेवा.

निलेशने मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला. आधी नुसती खरखर, मग आवाज.

'गऊ. ए गऊ. ऐकतीस का?'

काकूंचं लाटणं थांबलं. 'आमच्या सासूबाईंना कोण रं हाका मारतंय?'

'काकू, हे अभिजित ताऱ्याकडून आलंय. पंचवीस वर्षांपूर्वी निघालेलं.'

'मंग सांग त्याला, त्या गेल्या म्हणावं. वीस वर्सं व्हत आली.'

'माहितीये,' मोबाईल म्हणाला.

निलेशने झटकन थांबवलं. 'काकू, हे रेकॉर्डिंग आहे. काल रात्रीचं.'

'आसू दे की. लाव फुडं.'

'माहितीये,' आवाज पुढे सुरू झाला, 'पण निरोप तिच्या नावानं आला व्हता, उत्तर तिच्याच नावानं धाडावं लागतं. तू मंदा ना, थोरल्याची? आणि तू रे पोरा, सारखं थांबवू नको, माझी लय तुटते.'

निलेशने हात मागे घेतला.

'तर गऊनं पाऊस मागितला व्हता. मंजूर झाला. धाडलाय.'

काकूंनी दारातून बाहेर बघितलं. टोमॅटोच्या सरींत पाणी साचून बांबू कलंडले होते, फळं खालून काळी पडलेली. त्यांनी हातातलं पीठ परातीत झटकलं. 'देवा, तूच व्हय रं हा? आरं बंद कर की मंग! माल सडला समदा!'

'करतो. पण अर्ज पोचू दे माझ्यापत्तूर. जायला पंचवीस, यायला पंचवीस.'

निलेशने बोटांवर मोजलं. 'काकू, दोन हजार बहात्तरला बंद होईल.'

'तवा कसा असंल पाऊसपाणी?'

'दुष्काळ असंल,' मोबाईल म्हणाला.

काकू मटकन पाटावर बसल्या. 'मंग नगं! नगं बंद करू! माघारी घे माझा अर्ज!'

'तो निघाला की आता. वाटंतून वळत न्हाई. हा तुझा दुसरा अर्ज पण निघालाय बघ त्याच्या मागनं, तेवढ्याच वेगानं. त्याला गाठू शकत न्हाई तो. आठ सेकंदांचं अंतर हाय दोघांत.'

'म्हंजी?'

'म्हंजी बहात्तर साली, दुष्काळात, एकदाच कुठं पाऊस लागंल, आणि तुझ्या वावरात तो आठ सेकंद थांबंल. मग परत लागंल.'

काकूंनी जरा विचार केला. 'आठ सेकंद व्हय. चालतंय तेवढं.'

बास, एवढाच. आठ सेकंदांचा जोक मला आवडतो कारण तो मी केलेला नाही, नियमाने केलाय. दोन्ही अर्ज एकाच वेगाने चाललेत तर मागचा पुढच्याला कधीच गाठणार नाही, हे आठवीतलं गणित आहे. संवाद लिहिताना अडलात ना की जोक शोधत बसू नका, नियमाला विचारा की आता पुढे काय होईल, उत्तर बहुतेक वेळा तुमच्या डोक्यातल्या जोकपेक्षा बरं असतं. आणि माझा देव खेडवळ बोलतो याचं कारण पण नियमात आहे, निरोप ज्या भाषेत आला त्याच भाषेत उत्तर.

अंतराची आयडिया आवडली नसेल तर दुसऱ्या दोन-तीन सांगतो, पण एका कथेत एकच वापरा.

एक म्हणजे वेळ. आपल्या पुराणांत देवांचा एक दिवस म्हणजे आपलं एक वर्ष, म्हणजे त्यांचं एक मिनिट आपले सहा तास. आणि ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा, रात्र वेगळी. बारा तासांचा दिवस धरून भागाकार केला तर ब्रह्मदेवाचं 'एक मिनिट हं' म्हणजे ६० लाख वर्षं होतात. कस्टमर केअरला होल्डवर राहिलेल्या कुठल्याही माणसाला यावर कथा सुचेल.

दुसरी आयडिया मला स्वतःला सगळ्यात आवडते पण जमलेली नाही, कौल. कोकणात देवाच्या मूर्तीला उजवीकडे डावीकडे भिजवलेल्या कळ्या किंवा पाकळ्या लावतात, प्रश्न विचारतात आणि कुठली बाजू आधी पडते त्यावरून हो की नाही ठरतं. आता इंजिनिअरच्या नजरेने बघा, हे एका बिटचं कनेक्शन आहे! देव सगळं जाणतो पण लाईन इतकी बारीक की एका वेळी फक्त हो किंवा नाही येतं. तरी २० कौलांत १० लाखांपेक्षा जास्त शक्यतांमधून एक नेमकी निवडता येते, प्रश्न अक्कल लावून विचारले तर. पण गाव अक्कल लावेल का? पहिला कौल जाणार 'प्रश्न विचारायला सुरुवात करू का', दुसरा 'का मुंबईकरांची वाट बघू', तिसऱ्याला कुणीतरी पंखा लावणार आणि दोन्ही कळ्या एकदम पडणार. यात खरं विज्ञान पण मस्त बसतं, आवाजात निरोप हरवू नये म्हणून तोच निरोप तीनदा पाठवून बहुमत धरणं ही चूक सुधारायची सगळ्यात साधी पद्धत आहे, आणि गावातले म्हातारे ती 'परत एकदा लावून बघा' म्हणून कधीपासून वापरतायत. माझी कथा अडली ती अशी की मला गाऱ्हाण्याची मालवणी लिहिता येत नाही आणि पुणेरीत कौल लावला की ती सोसायटीची मीटिंग होते.

तिसरी, देवाला शरीर द्या. आषाढी म्हणजे देवशयनी, देव झोपणार ते कार्तिकीला उठणार असं पंचांग म्हणतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत पंढरपुरात देवाचा पलंग काढून ठेवतात, चोवीस तास दर्शन, देव उभाच. यात्रा उरकली की प्रक्षाळपूजा होते आणि शिणवटा जावा म्हणून देवाला काढा देतात. यावर सर्व्हर डाऊनचे जोक करायचा मोह होणार, एक करा, दुसरा करू नका. खरी कथा काढ्यात आहे, काढा उकळणाऱ्या माणसाला देव काय म्हणेल, 'सुंठ जरा जास्त झालीये' म्हणेल का, आणि त्याला उत्तर काय मिळेल, 'औषध आहे ते, गप प्या'.

चॅटबॉट देव मात्र नको. दहा वर्षांपूर्वी बरा वाटला असता, आता २०१९ लाच क्योतोच्या कोदाईजी देवळात प्रवचन देणारा रोबो बसला आणि २०२४ ला स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नच्या एका चर्चमध्ये लोक कन्फेशनच्या खोलीत बसून कॉम्प्युटरवरच्या येशूशी बोलून आले. खऱ्या बातमीच्या मागे राहिलेली विज्ञानकथा म्हणजे शिळी भाकरी, तेल-तिखट लावून खाता येते पण पाहुण्याला वाढू नये.

बुवा-बाबांना पण जपून आणा. आपल्याकडे २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे तो काही गंमत म्हणून नाही केलेला, आणि अंगात आलेल्या बाईची टिंगल करणं सोपं असतं पण त्या बाईला घरात कुणी एरवी बोलू देत नसेल तर तो विनोद कुणावर झाला ते बघा. माझा साधा हिशोब आहे, नेटवर्कवर हसा, नियमांवर हसा, अर्ज आणि शिक्क्यांवर हसा, स्वतःवर तर हसाच, फक्त हात जोडून उभ्या असलेल्या माणसावर नको. त्याच्या बाजूला उभं राहून हसता आलं तर बघा.

आणि देवाला भाषण करू देऊ नका. तीन ओळींपेक्षा जास्त बोलला की कापा. विश्व का निर्माण केलं हा प्रश्न कुणी विचारला तर मध्ये कुकरची शिट्टी होऊ दे, फोन येऊ दे, काहीही करा पण उत्तर देऊ देऊ नका, कारण ते उत्तर तुम्हालाच माहीत नाही आणि वाचकाला ते लगेच कळतं.

पाठवायची वेळ आली की नावाची भीती वाटते बऱ्याच जणांना, लोक काय म्हणतील, ऑफिसात कळलं तर. टोपणनाव घ्या की. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. पहिलं बक्षीस मिळालं. माझी आद्याक्षरं उलटी केली की एका पतपेढीचं नाव होतं, त्यामुळे मी तो नाद सोडला.

शेवट राहिला. स्वप्न होतं असा शेवट केलात तर मी तुम्हाला ओळखत नाही. देव अचानक गायब झाला आणि माणूस बदलला हाही नको, कुणी बदलत नाही, उद्या परत बाजार आहे. शेवट कामावर करा, आधी कथेत कुठेतरी ठेवून दिलेल्या एखाद्या बारक्या कामावर. मी दूध लक्षात ठेवा म्हटलं होतं, ते यासाठी. माझी कथा संपते ती अशी.

'बरं मंदा, ठेवतो आता. गऊच्या पुतळ्यांची माळ उखळाखाली हाय, जावंला सांगू नको. आणि ते एक बघ, ते...'

मोबाईल वाजायला लागला. आवाज बंद पडला, स्क्रीनवर कुठल्यातरी अनोळखी नंबरचा फोन. निलेशने उचलला, पलीकडची मुलगी म्हणाली सर तुमचं पर्सनल लोन अप्रूव्ह झालंय, निलेश नको म्हणाला, ती म्हणाली सर एकदा ऐकून तर घ्या, निलेश परत नको म्हणाला. मग त्याने फोन ठेवला आणि रेकॉर्डिंग पुढे लावलं.

'जाऊ दे,' देव म्हणाला. 'गेलं.'

'काय गेलं रं?' काकू म्हणाल्या, आणि मग त्यांना वास आला.